बर्फाखालचा लेक ट्राउट: दोघांनी जायचं तर आधी काय, मग काय

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडची आपली बरीच मंडळी जानेवारी लागला की टोरांटोच्या उत्तरेकडच्या लेक सिमकोवर, बर्फात भोक पाडून मासे धरायला, जायचे बेत आखतात. बेत चांगला असतो, क्रम चुकतो. आधी रॉड येतो, मग सेलमधला तंबू येतो, आणि बर्फ किती जाड आहे हा प्रश्न किनाऱ्याला गाडी लावल्यावर सुचतो. दुसरी चूक बर्फावर पोचल्यावरची. गळ तळाला सोडायचा, खुर्ची टाकायची आणि मासा येईल म्हणून वाट बघत बसायचं. पर्च या छोट्या माशासाठी ते चालून जातं. लेक ट्राउट या मोठ्या शिकारी माशासाठी दिवस फुकट जातो.

खालचे टप्पे दोघांसाठी लिहिले आहेत. हा उद्योग एकट्याने करू नये. आणि पाच-सहाजण जमले की प्रत्येकाला वाटतं, बर्फ दुसऱ्याने तपासला असेल. दाखले सिमकोचे आहेत. उत्तरेकडच्या दुसऱ्या तळ्यावर गेलात तरी क्रम हाच, नियम मात्र त्या तळ्याचे.

## टप्पा १: लायसन आणि नियम

ऑन्टारियोत राहणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या माणसाला आउटडोर्स कार्ड आणि मासेमारीचं लायसन, दोन्ही लागतात. फक्त एका दिवसाचं लायसन घेतलं तर कार्ड लागत नाही. भारतातून आलेल्या आईबाबांना सोबत नेणार असाल तर एक लक्षात ठेवा: पासष्टीनंतरची सूट कॅनडातल्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. बाबांच्या हातात रॉड द्यायचा असेल तर त्यांचं लायसन काढा.

लायसन दोन प्रकारचं असतं, स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. दुसरं स्वस्त, पण त्यावर कमी मासे ठेवता येतात. एक-दोन वेळाच जाणार असाल तर दुसरं पुरतं.

सिमको मासेमारीच्या झोन १६ मध्ये येतं. लोक झोनचा सर्वसाधारण तक्ता वाचतात आणि थांबतात. खाली त्या त्या तळ्यासाठीचे अपवाद वेगळे छापलेले असतात, आणि सिमकोचं नाव त्यात आहे. लेक ट्राउटचा हिवाळी हंगाम १ जानेवारीला उघडतो आणि मार्चच्या मध्याला संपतो. किती मासे ठेवता येतील ते त्या वर्षीच्या सरकारी नियमपत्रकातच बघा, मित्राने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

आणखी तीन नियम तोंडपाठ हवेत. बर्फावर माणशी दोन दोऱ्या टाकता येतात, पण स्वतःच्या दोरीपासून ६० मीटरच्या आत राहायचं आणि ती डोळ्यांसमोर असली पाहिजे. म्हणजे दोरी सोडून पलीकडच्या तंबूत गप्पा मारायला जाता येत नाही. दुसरं, ७ चौरस मीटरपर्यंतच्या कापडी तंबूला नोंदणी लागत नाही, त्याहून मोठ्याला किंवा लाकडी हटला लागते. तिसरं, जिवंत मासोळ्यांचं आमिष एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर निर्बंध आहेत. आमिष नेहमी तळ्याजवळच्याच दुकानातून घ्या आणि पावती खिशात ठेवा. उरलेलं आमिष पाण्यात किंवा बर्फावर ओतणं हा गुन्हा आहे. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं जिवंत आमिषाच्या वाटेला जाऊच नका. ट्राउट कृत्रिम आमिषावर उत्तम येतो आणि बादलीतल्या मासोळ्या गोठल्या की काय, ही कटकट वाचते.

## टप्पा २: पहिल्या वेळी हट भाड्याने घ्या

सिमकोच्या काठावर जॅक्सन्स पॉइंट, इनिसफिल, बीव्हर्टन अशा ठिकाणी दिवसाच्या भाड्याने हट देणारे आहेत. ते वाहनाने हटपर्यंत सोडतात, भोकं पाडलेली असतात, आत शेगडी असते, संध्याकाळी घ्यायला येतात. ज्याने गोठलेल्या तळ्यावर कधी पाऊल टाकलेलं नाही त्याने पहिला दिवस असाच काढावा. पैसे जातात, पण ऑगर (बर्फाला भोक पाडायचा गिरमिट), तंबू आणि फ्लॅशर (खालचं पाणी दाखवणारा सोनार) यांवर हजार डॉलर घालण्याआधी ही थंडी आपल्याला झेपते का ते कळतं. बुकिंग करताना स्पष्ट सांगा की लेक ट्राउट हवा आहे. नाहीतर पर्चच्या उथळ पाण्यावर सोडतील आणि तुम्ही दिवसभर खालच्या पाणवनस्पतींतून गळ सोडवत बसाल.

पुढचं सगळं, स्वतःच्या पायाने जाणाऱ्यांसाठी.

## टप्पा ३: दोघांत वाटणी

घरातून निघायच्या आधी, चहा घेताना, हे ठरवून टाका.

एकजण पुढे चालणार. त्याच्या हातात पहार. इथे तिला स्पड बार म्हणतात. टोकाला छिन्नीसारखी धार असते. पुढे कोण, हे वजनावर ठरवू नका, लक्ष कोणाचं टिकतं त्यावर ठरवा. दुसरा स्लेज ओढत निदान दहा मीटर मागे. त्याच्याकडे फेकायची दोरी, तीही स्लेजमध्ये सामानाखाली नको, खांद्यावर हवी.

एक करार आधीच करा: दोघांपैकी कोणीही "परत फिरू" म्हटलं की फिरायचं. चर्चा गाडीत. "अरे, इतकं आलोय तर अजून शंभर पावलं" हे वाक्य बर्फावर बोलायचं नाही.

घरी कोणाला तरी सांगून ठेवा: कुठल्या रस्त्याच्या टोकाशी गाडी लावतोय, कुठल्या दिशेने जातोय, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळवायचं. "सिमकोला जातोय" एवढ्यावर शोधणारे तुम्हाला शोधू शकत नाहीत. हे तळं सातशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे.

## टप्पा ४: सामान, जिवाचं आधी

जिवाचं सामान ज्याचं त्याच्या अंगावर असतं, स्लेजवर नाही. आइस पिक्स, म्हणजे मुठीत धरायचे दोन टोकदार खिळे, दोरीने गळ्यात अडकवलेले, जॅकेटच्या बाहेर. शिट्टी. बुटांखाली अडकवायचे खिळे, कारण वाऱ्याने बर्फ चाटून गुळगुळीत केला की साध्या बुटाने दहा पावलंही नीट पडत नाहीत. पाण्यावर तरंगवणारा फ्लोटर सूट परवडला तर उत्तमच. नाहीतर हिवाळी जॅकेटवर लाइफ जॅकेट घाला. कोणी हसलं तर हसू दे. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. बाहेरच्या खिशात उणे १५ ला ऐंशी टक्के बॅटरी असलेला फोनही अचानक बंद पडतो.

कपड्यांबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चुकते: सुती बनियन आणि जीन्स. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग दिवसभर गारठवतं. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं. चालताना जॅकेट उघडं ठेवा, जरा थंडीच वाजू दे. घामाने भिजून पोचलेला माणूस अकरा वाजता "जाऊया का?" विचारायला लागतो.

मासेमारीचं सामान थोडं पुरतं. ३२ ते ३६ इंचांचा, जरा कडक रॉड. रीळवर १० पौंडांची मोनो (साधी नायलॉनची दोरी), किंवा ब्रेड (विणलेली दोरी) आणि तिच्या टोकाला काही फूट १० ते १२ पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे पाण्यात कमी दिसणारा शेवटचा तुकडा. चार इंचांचे पांढरे ट्यूब जिग, म्हणजे वजनदार गळावरचं नळीसारखं मऊ आमिष, आणि चंदेरी चमचे, म्हणजे स्पून, तीन-चार. ८ इंचांचा ऑगर चालतो, मोठ्या माशाची खरी आशा असेल तर १० इंचांचा. भोकातला चुरा काढायला झारा, आणि तो घरातलाच आणला तरी चालतो. फ्लॅशर ट्राउटसाठी चैन नाही. रॉड हलका घ्या, पण फ्लॅशरवर काटकसर करू नका. त्याशिवाय टप्पा ७ अर्धाच करता येतो.

खाण्याचं: पोळीभाजीचा डबा दुपारपर्यंत दगड होतो. पोळीचे रोल फॉइलमध्ये बांधून आतल्या खिशात ठेवा. तिळाचे लाडू, चिक्की, थर्मासमध्ये चहा. दारू नको. ती प्यायल्यावर ऊब वाटते, पण कातडीकडे रक्त जास्त जाऊन अंगातली उष्णता बाहेर पडत असते.

तपासून घ्या: गाडीतून उतरल्यावर एकमेकांच्या गळ्यातले खिळे आणि खांद्यावरची दोरी बघा. स्वतःचं नव्हे, समोरच्याचं.

## टप्पा ५: बर्फ

हा टप्पा घाईने वाचू नका.

आदल्या दिवशी तळ्याकाठच्या आमिषाच्या दुकानात फोन करा. "बर्फ आहे का?" असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. विचारा: कुठून पायी जातायत, किती खोलीच्या पाण्यावर आहेत, दाबाची भेग कुठे आहे, काल वारा कसा होता. सिमको एकसारखं गोठत नाही. उथळ कुक्स बे आधी धरतो. बॅरीकडचा केम्पनफेल्ट बे हा तळ्याचा सर्वांत खोल भाग, चाळीस मीटरच्या आसपास, तो आणि मधलं मोठं पाणी खूप मागून. ट्राउट नेमका त्या उशिरा गोठणाऱ्या पाण्यात असतो. कुक्स बेवर गाड्या फिरताना बघून मधल्या भागावर पायी जायला हरकत नाही, असा हिशेब कोणी करू नये.

जाडीचे आकडे: ऑन्टारियोत पायी चालायला किमान १० सेंटिमीटर स्वच्छ निळा बर्फ सांगतात. कॅनेडियन रेड क्रॉस १५ म्हणतं. दोघं आणि भरलेली स्लेज असेल तर मी १५ धरतो. स्नोमोबाइलला २० ते २५, गाडीला ३० च्या पुढे. पण गाडी नेऊच नका. आपल्या गाडीच्या विम्यात हे बसतं का, तेवढा एक फोन केलात तरी विचार सुटेल.

हे सगळे आकडे निळ्या, पारदर्शक बर्फाचे. बर्फ पडून, भिजून, पुन्हा गोठून झालेला पांढरा बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा, म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी. करडा दिसला तर त्यात पाणी आहे, परत फिरा. मार्चमधला बर्फ वेगळाच फसवतो. पट्टीवर ४० सेंटिमीटर दिसतो आणि आतून उभ्या कांड्यांसारखा सुटत असतो. जाडी मोजून समाधान मानायचे दिवस तेव्हा संपलेले असतात.

तपासणी अशी करा. काठावरच पहारीने जोरात ठोका, मग दर दोन-तीन पावलांवर. एका ठिकाणी दोन-तीन घाव घालूनही पहार आरपार जात नसेल तर पुढे. एका घावात पाणी आलं तर जागच्या जागी थांबा, पाय न उचलता सरकत, आलेल्या वाटेनेच मागे. थोडं आत गेल्यावर ऑगरने भोक पाडून पट्टीने मोजा, आणि मग दर शंभर-दीडशे फुटांवर मोजत राहा. निळा किती, पांढरा किती, वेगळं बघा. मागून येणाऱ्या मित्राला मोठ्याने सांगा. तेवढं बोललं की मोजायचं टाळलं जात नाही.

कुठे जायचं नाही: ओढे आणि नद्यांची मुखं, धक्क्यांभोवती, बेटांमधल्या अरुंद जागा, आणि सिमको व कूचिचिंग यांना जोडणारी अथर्लीची सामुद्रधुनी. वाहतं पाणी बर्फ खालून खातं. जाड हिमाचा थर पडला असेल तर तोही पांघरुणासारखा बर्फ वाढू देत नाही.

बर्फ आवाज करतो. गडगडतो, कडाडतो, कधी पायाखालून लांब शीळ निघून जाते. थंडीत बर्फ ताणला जातो त्याचे हे आवाज. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दाबाच्या भेगेला, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढून उंचवटा होतो आणि बाजूला पाणी दिसतं. सकाळी ओलांडलेली भेग वाऱ्याने दुपारपर्यंत दोन मीटर उघडलेली असू शकते. म्हणून ओलांडायचीच नाही.

सावध: वारा किनाऱ्याकडून तळ्याकडे जोरात वाहत असेल, विशेषतः हंगामाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, तर मोठा तुकडा माणसांसकट सुटून वाहत जाऊ शकतो. अंदाजात तापमानाआधी वाऱ्याची दिशा बघा.

### कोणी आत गेलंच तर

हे दोघांनी घरी एकदा मोठ्याने म्हणून घ्या. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचे अभ्यासक. त्यांनी रुजवलेला १-१०-१ हा हिशेब इथे सगळे शिकतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं. धाप लागते, ती ओसरते, तोवर फक्त तरंगा. मग सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. बेशुद्धी यायला साधारण १ तास लागतो. म्हणजे वेळ आहे, पण तो बाहेर पडायला वापरायचा, ओरडायला नाही.

पाण्यातल्याने: ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, तिथला बर्फ तुम्हाला पेलत होता. खिळे बर्फात रोवा, पोहल्यासारखे पाय मारून शरीर आडवं करा, पोटावर सरका. वर आल्यावर उभं राहू नका. लोळत लांब जा.

वरच्याने: धावत जायचं नाही. दोरी फेकायची, स्वतः आडवं पडायचं, ९११. मित्र जवळचा आहे म्हणूनच पाय तिकडे ओढतात, आणि दुसरा माणूस त्याच भोकात जातो.

बाहेर आल्यावर दिवस संपला. ओले कपडे काढून कोरडे, गाडीचा हीटर, आणि माणूस कापत असेल, बोलणं अडखळत असेल तर थेट दवाखाना.

## टप्पा ६: जागा आणि भोकं

उन्हाळ्यात लेक ट्राउट खोल थंड पाण्यात अडकलेला असतो. हिवाळ्यात पाणी उलटं होतं: चार अंशांचं, सर्वांत जड पाणी तळाला, आणि बर्फाखाली शून्याच्या जवळचं. सगळंच पाणी थंड, म्हणून मासा कुठेही फिरू शकतो. ८० फूट पाण्यावर बसलात आणि मासा बर्फाखाली १५ फुटांवरून गेला, असं नेहमी होतं. तळाला गळ सोडून बसणाऱ्याला तो गेल्याचं कळतही नाही.

ट्राउट हेरिंग आणि स्मेल्ट या छोट्या माशांच्या थव्यांमागे हिंडतो. पहाटे उथळाकडे, २५ ते ४० फुटांवर, पाण्याखालच्या टेकडीच्या किंवा जमिनीच्या टोकाच्या उताराशी. दिवस वर आला की ६० ते ९० फुटांकडे. खोलीचा नकाशा फोनवर घेऊन जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तो उतार शोधा. दोघांचा फायदा इथेच आहे: एक भोक उताराच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. दोघांनी एकाच खोलीवर शेजारी शेजारी बसणं म्हणजे एकानेच मासेमारी करणं आणि दुसऱ्याने सोबत करणं. तासाभरात कुठे हालचाल दिसते ते बघून दुसऱ्याने तिकडे सरकायचं.

भोक पाडताना ऑगर दाबू नका, पात्याला आपलं काम करू द्या. आरपार गेला की फिरता ठेवूनच एकदा वर खेचा, चुरा उसळून बाहेर येतो. मग हातमोजा काढून नाही, झाऱ्याचा दांडा भोकाच्या खालच्या कडेवर फिरवून बघा. कड खडबडीत राहिली असेल तर मोठा मासा बाजूला धावताना दोरी तिच्यावर घासते आणि तुटते. ऑगर झटकून पात्यावर टोपण घाला. ओलं पातं गोठलं की पुढचं भोक पाडताना ते बर्फावर नुसतं घसरतं.

सावध: तंबूत गॅसची शेगडी लावली तर वरची आणि खालची खिडकी उघडी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोघांपैकी एकाचं डोकं दुखायला लागलं तर "थंडीने असेल" म्हणू नका, दोघंही बाहेर.

## टप्पा ७: शोधा आणि पळवा

फ्लॅशरचा सेन्सर भोकात सोडा. तुमचं जिग एक रेघ म्हणून दिसतं, तळ जाड रेघ. दोघांचेही फ्लॅशर चालू असतील तर एकमेकांच्या रेघा नाचतात. दुसऱ्या फ्लॅशरचा अडथळा गाळण्याचं बटण फिरवून एकाने आपला जुळवून घ्यायचा. ते न करता लोक अर्धा तास नसलेल्या माशाशी खेळतात.

जिग तळाला टेकवा, दोन-तीनदा आपटून गाळ उडवा, मग चार-पाच फूट वर घ्या. एक फूट उचला, पडू द्या, थांबा. दोन मिनिटं. मग दहा फूट वर, तेच. असं करत बर्फाखाली पंधरा फुटांपर्यंत या आणि पुन्हा खाली. सगळं पाणी चाळायचं.

आता रेघ दिसली. जिगच्या खालून एक रेघ वर येते आहे. इथे नव्वद टक्के नवखे एकच चूक करतात: जिग थांबवतात, "घे बाबा" म्हणून. लेक ट्राउट पाठलाग करणारा मासा आहे. हेरिंग शिकाऱ्यासमोर थांबून राहत नाही. मासा दिसताक्षणी जिग वर घ्यायला लागा, सावकाश, एकसारखं, रीळ फिरवत. रेघ मागे येते का बघा. येते आहे आणि जाड होते आहे, तर वेग वाढवा. तो वेग वाढवेल. मागे पडला तर क्षणभर थबका आणि पुन्हा पळा. तरीही खाली गेला तर जिग त्याच्या अंगावरून खाली पडू द्या आणि पाठलाग नव्याने सुरू करा. हा खेळ कधी साठ फुटांपासून भोकापर्यंत चालतो. मासा घेतो तो बहुधा वेग वाढवल्यावर.

घेतल्याचं कसं कळतं? कधी दणका बसतो, पण बऱ्याचदा उलटं होतं: मासा खालून जिग घेऊन वर येत राहतो आणि दोरी एकदम सैल पडते. जिगचं वजन गायब झालं, म्हणजे मासा आहे. भराभर दोरी गोळा करा आणि रॉड खांद्यामागे जाईपर्यंत झटका द्या. साठ फूट मोनो ताणते, मनगटाचा झटका गळापर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या दोरीचं काय? ती दोघांपैकी एकाने, दुसऱ्या भोकात, पंधरा-वीस फुटांवर, घंटी लावून सोडून द्यावी. पाठलाग करून न घेता परतलेला मासा कधीकधी तिच्यावर येतो. चारही दोऱ्या एकदम टाकू नका. पहिला मासा लागला की त्यांची वेणी होते.

तपासून घ्या: सकाळी पहिली दोरी टाकण्याआधी रीळचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक, हाताने ओढून बघा. १० पौंडांच्या दोरीला साधारण ३ पौंडांना सुटला पाहिजे. घरात लावलेला ड्रॅग थंडीत घट्ट होतो.

## टप्पा ८: भोकातून वर

मासा लागल्यावर ज्याला लागला तो फक्त रॉड बघतो. बाकी सगळं दुसऱ्याचं काम, आणि त्याचा क्रम ठरलेला. आधी आपली दोरी वर. मग फ्लॅशरची वायर भोकातून बाहेर, हेच विसरलं जातं, आणि "अरे, वायर! वायर!" असं ओरडेपर्यंत माशाने तिच्याभोवती फेरी मारलेली असते. मग खुर्ची, बादली, झारा बाजूला.

घाई करू नका. शेवटच्या दहा फुटांत भोकाचा उजेड दिसला की मासा पुन्हा सरळ खाली धावतो. जितके मासे सुटतात त्यातले बरेच इथे. तो धावला की रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ, आणि दोरी जाऊ द्या. रॉड उंच धरून ठेवला तर दोरी बर्फाच्या कडेला घासते. असं दोनदा-तीनदा होऊ शकतं.

मग डोकं भोकाच्या तोंडाशी आणायचं. दुसऱ्याने गुडघ्यावर बसून, बाही वर करून, हात ओला करून, कल्ल्याच्या झाकणामागे धरून एका ओघात वर काढायचा. दोरीने उचलायचा नाही. डोकं आडवं अडकलं तर ओढू नका, थोडं खाली सोडा, सरळ करा, पुन्हा.

## टप्पा ९: ठेवायचा की सोडायचा

हे मासा वर येण्याआधी ठरवा. लेक ट्राउट फार सावकाश वाढतो, मोठा मासा तुमच्या मुलांच्या वयाचा किंवा त्याहून जुना असू शकतो. खायलाही मध्यम मासा चांगला. मोठ्यात पारा जास्त साठलेला असतो. ऑन्टारियो सरकारची कोणत्या तळ्यातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा याची मार्गदर्शिका आहे, तीत गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुलांसाठी वेगळे, कडक आकडे दिले आहेत. घरी नेण्याआधी ती बघा.

सोडायचा असेल तर हिमावर ठेवून फोटो काढू नका. उणे १० ला डोळे आणि कल्ले काही सेकंदांत गोठतात. गळ पाण्यातच काढता आला तर उत्तम. फोटो हवाच तर मित्राने फोन आधी तयार ठेवावा, एक उचल, एक फोटो, आणि डोकं खाली करून सरळ भोकात. खोलातून वर येताना ट्राउट तोंडातून हवा सोडतो, भोकात बुडबुडे दिसतात. म्हणून तो परत खाली जाऊ शकतो. हेही सावकाश वर आणायचं एक कारण.

ठेवायचा असेल तर डोक्यावर एक जोराचा फटका, कल्ल्याची शीर कापून रक्त जाऊ द्या, आणि हिमात पुरून ठेवा. उघड्यावर टाकला तर वाकडा होऊन गोठतो आणि घरी कापताना सुरी चालत नाही. बर्फावर तुकडे करू नका. वाटेत अधिकाऱ्याने थांबवलं तर मासे किती आणि कुठले हे ओळखता आलं पाहिजे.

## टप्पा १०: परत

जानेवारीत पाचच्या सुमारास अंधारतं. साडेतीनला आवरायला घ्या, मासे तेव्हाच घ्यायला लागले असले तरी. सकाळी निघताना फोनवर गाडीच्या जागेची खूण केलेली असायला हवी, आणि खिशात साधं होकायंत्र. वाऱ्याने हिम उडायला लागलं की किनारा पन्नास पावलांवर असून दिसत नाही. आलेल्याच वाटेने, पहार पुन्हा पुढे. सकाळी पेलला म्हणून संध्याकाळी न ठोकता चालायचं नाही.

निघण्याआधी भोकांवर हिमाचा ढीग करा किंवा काटकी खोचा, म्हणजे मागून येणाऱ्याचा पाय जाणार नाही. दोऱ्यांचे तुकडे, प्लास्टिक, उष्टं, सगळं स्लेजमध्ये.

घरी पोचल्यावर मासा त्याच दिवशी साफ करा. लेक ट्राउट तेलकट आहे, बांगड्याच्या जवळचा. हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात तळलेला चांगला लागतो. नारळाच्या दाट रस्स्यात मात्र तेलावर तेल होतं. पोटाकडची चरबीची पट्टी आणि अंगाच्या बाजूची गडद रेघ कापून टाका, उग्र वास तिथेच असतो. काही घातक द्रव्यंही चरबीतच साठतात.

दोघांपैकी ज्याच्याकडे गॅरेज आहे त्याने त्याच रात्री तंबू उघडून वाळत घालायचा, नाहीतर पुढच्या शनिवारी बुरशीच्या वासात बसावं लागतं. दोरीचे शेवटचे दहा फूट बोटांतून ओढून बघा, खरखर लागली तर कापून नवी गाठ मारा. ऑगरचं पातं पुसा, तेलाचा हात फिरवा आणि टोपण बसवा.